मेकॅनिकसमोर गाडी मुकाट चालू होते तेव्हा

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट ओलांडला आणि सुरूरच्या अलीकडे चहाला थांबलो. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर बॉनेटखालून नुसतं 'टक्'. परत फिरवली, परत 'टक्'. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, गाणीसुद्धा चालू, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, काही घेईना. टपरीवर निदानं करणाऱ्यांची कमी नव्हती. एक म्हणाला बॅटरी बसली, दुसरा म्हणाला सेल्फ गेला, तिसऱ्याला सेन्सरचा संशय होता आणि चौथा काही न बोलता धक्का मारायला मागे जाऊन उभा राहिला. त्याला धक्का मारावा लागला नाही. वीसेक मिनिटांनी सहज किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर नेली. तिथे दहा वेळा बंद करून चालू केली, दहाही वेळा पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी चालू झाली. "काही नाही साहेब, गाडी एकदम ओके आहे." चार दिवसांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुन्हा 'टक्'.

कायमची बंद पडलेली गाडी त्या मानाने प्रामाणिक असते. मीटर लावला, टेस्ट लॅम्प लावला की कुठे काय तुटलंय ते सापडतं. अधूनमधून रुसणारी गाडी तपासायला नेली की ठणठणीत असते, आणि ठणठणीत गाडीत दुखणं शोधणार कुठे? मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. माझीही आधी नवी बॅटरी झाली, मग नवा सेल्फ झाला. एकूण खर्च किती झाला ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. अशा गाडीला बिघडलेल्या अवस्थेतच गाठावं लागतं, आणि त्या दोन मिनिटांत काय बघायचं हे आपल्याला आधीच माहीत असावं लागतं. ते काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

किल्ली फिरवल्यावर काय होतं

'गाडी चालू होत नाही' हे वाक्य मेकॅनिकसाठी डॉक्टरला 'बरं वाटत नाही' म्हणण्याइतकंच उपयोगाचं आहे. त्यात दोन वेगळी दुखणी मिसळलेली असतात. एक, सेल्फच फिरत नाही. दुसरं, सेल्फ मजेत खर्रखर्र फिरतो पण इंजिन पकडत नाही. पहिल्यात पेट्रोल, प्लग, सेन्सर यांचा काही संबंध नसतो. दुसऱ्यात बॅटरी आणि सेल्फ बहुतेक वेळा निर्दोष असतात. एवढा फरक फोनवर नीट सांगितला तरी मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

सेल्फ फिरतो कसा, ते आधी पाहू. किल्लीतून जाणारा करंट अगदी थोडा असतो. क्लचच्या पेडलवरचा स्विच असेल तर तो, मग रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), असं करत तो सोलेनॉइडपर्यंत पोचतो. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेली लहान डबी. तिच्यातल्या कॉइलमध्ये करंट आला की ती एका झटक्यात दोन कामं करते. सेल्फचं दातेरी चाक पुढे सरकवून इंजिनच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे त्याच्या जड दातेरी चाकात, अडकवते आणि तांब्याचे दोन जाड संपर्क जोडते. तो झटका म्हणजेच 'टक्'. खरा करंट त्यानंतर वाहायला लागतो. छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर ते दोनशे अँपिअर. तुलनेला, घरातला दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो.

हा करंट बॅटरीच्या प्लस टोकाकडून जाड केबलने सेल्फमध्ये येतो. परत जायला मात्र सेल्फपासून वेगळी केबल नसते. तो इंजिनच्या धातूतून जातो आणि तिथून एका जाड केबलने किंवा वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीने बॅटरीच्या मायनसला पोचतो. गॅरेजच्या भाषेत हे अर्थिंग. ही परतीची वाट लक्षात ठेवा.

एवढीशी मोटर अख्खं इंजिन फिरवते, ही करामत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरची. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. त्याआधी गाडीपुढे उभं राहून हँडल मारावं लागे आणि इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. केटरिंगने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला वीजमोटर बसवली होती. मोटर क्षणभरच चालणार असेल तर तिच्याकडून तिच्या वकुबाबाहेरचं काम करून घेता येतं, ही खुबी त्याला तिथेच उमगली. म्हणून आजही सलग दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. क्षणभराच्या मोटरला मिनिटभर राबवलं की ती जळते.

दिवे लागतात, तरी सेल्फ का नाही?

'लाइट लागतायत म्हणजे बॅटरी चांगली आहे' हा या विषयातला सर्वात महागडा गैरसमज. शाळेतलं एकच सूत्र वापरून तो दूर होतो: अँपिअरला ओहमने गुणलं की तिथे किती व्होल्ट खर्ची पडले ते कळतं. समजा एका सैल किंवा गंजलेल्या सांध्यात ०.०२ ओहमचा अडथळा आहे. गाण्यांना दोन अँपिअर लागतात, म्हणजे त्या सांध्यात गेले ०.०४ व्होल्ट, कुणाच्या लक्षातही येणार नाही. सेल्फला दीडशे अँपिअर लागतात, म्हणजे तिथे गेले ३ व्होल्ट. सेल्फ मारताना चांगली बॅटरीसुद्धा साडेदहाच्या आसपास उतरते. त्यातले तीन वाटेतच गळाले तर सेल्फच्या हाती उरतात साडेसात. तेवढ्यावर तो कण्हतो किंवा नुसता 'टक्' करून गप्प बसतो.

गळालेले व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात. तीन व्होल्ट गुणिले दीडशे अँपिअर म्हणजे साडेचारशे वॉट, जवळजवळ अर्धी इस्त्री. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारून झाला की बॅटरीच्या टर्मिनलजवळ जपून हात नेऊन बघा. एक थंड आणि दुसरं गरम लागलं तर चोर सापडला. जुन्या गाड्यांत इंजिनचं अर्थिंग तुटलं की करंट बिचारा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते. क्लचवाल्याला त्यातलं काही कळत नाही, तो नवी केबल टाकून देतो.

आता बिघाड अधूनमधूनच का होतो ते बघा. चांगला सांधा कधीच अडत नाही, तुटलेला सांधा नेहमीच अडतो, आणि काठावरचा सांधा त्या दिवशीच्या हवेवर ठरवतो. तापल्यावर तांब्याचा अडथळा वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. घाट चढून थांबलेल्या गाडीत इंजिनाची सगळी धग सेल्फवर येते, कारण वाहतं वारं आणि पंखा दोन्ही थांबलेले असतात. सोलेनॉइडची कॉइल तीस अंशांवरून नव्वदला गेली तर तिचा अडथळा सुमारे पावपट वाढतो आणि तिची ओढ कमी होते. काठावरच्या गाडीला तेवढं पुरतं. चहा पिऊन झाल्यावर रुसलेली गाडी दुसरा चहा झाल्यावर का चालू होते, याचं हे साधं उत्तर. कोकणातली खारी दमट हवा, पावसाचं पाणी, खड्ड्यांचे हादरे हेही काठावरच्याला ढकलतात.

कान देऊन ऐका

गाडी अडली की आपण घाईघाईने किल्ली फिरवत सुटतो. थांबा. काच खाली करा, गाणी आणि पंखा बंद करा, आणि एकदाच किल्ली फिरवून ऐका.

'टकटकटकटक' असा मशीनगनसारखा आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलवरच सांधा खराब आहे. सोलेनॉइड ओढतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा ओढतो. हा खेळ सेकंदाला कित्येकदा चालतो. एकच ठाम 'टक्' आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडपर्यंतची वाट ठीक असून पुढे घोडं अडलंय: सोलेनॉइडचे संपर्क जळालेत, सेल्फचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत किंवा जाड केबल-अर्थिंगमध्ये दोष आहे. कार्बन झिजलेला सेल्फ कुणीतरी पान्याने हलकेच ठोकावा आणि तेव्हाच आपण किल्ली फिरवावी, की बरेचदा चालू होतो. ठोकल्याने कार्बन थोडा सरकून टेकतो. अशी चालू झाली तर आनंद मानू नका, त्याच आठवड्यात सेल्फ खोलून घ्या.

संपूर्ण शांतता असेल तर करंट सोलेनॉइडपर्यंतच जात नाहीये. इथे रिले, फ्यूज, किल्लीचा स्विच हे संशयित. पण आधी फुकटातले उपाय: क्लच पार तळापर्यंत दाबा. ऑटोमॅटिक असेल तर 'पी' ऐवजी 'एन'मध्ये टाकून बघा, कारण गिअर कुठल्या जागी आहे ते सांगणारा स्विच झिजला की 'पी' ओळखत नाही. बटणवाली गाडी असेल तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळलंच नाही तर ती चालू व्हायला नकारच देते. आणि रिमोटचा सेल संपत आला असेल तर किल्ली बटणाला टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत किल्लीच्या आतली चिप सेलशिवायही ओळखली जाते.

दिव्यांची परीक्षा मला सर्वात आवडते, कारण तिला एकही हत्यार लागत नाही. रात्री भिंतीसमोर गाडी उभी असेल तर उत्तमच. हेडलाइट लावा, भिंतीवरच्या उजेडाकडे बघत किल्ली फिरवा. उजेड पार विझत गेला तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. उजेड जरासा मंदावला आणि सेल्फ जड फिरला तर बॅटरी थकलीय. उजेड तसाच राहिला आणि सेल्फ हललाच नाही, तर बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही. सुरूरला माझे दिवे लख्ख होते. उत्तर पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होतं, पण मला वाचता आलं नाही.

बॅटरीबद्दल

गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. रात्रभर उभ्या गाडीत मीटरने १२.६ दाखवलं तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर सकाळी भरवसा नाही. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, भरत नाहीये. आणि आकडा १०.५ वर अडून बसला तर एक कप्पा मेलाय असं समजा.

मीटर असाही फसवतो. बॅटरीच्या आत दोन कप्प्यांना जोडणारा सांधा तडकला तर मोकळ्या बॅटरीवर १२.५ दिसतं, आणि सेल्फचा भार येताच शून्याकडे झेप. ती तडक हादऱ्याने कधी जुळते, कधी सुटते. म्हणून बॅटरी नेहमी भार टाकून तपासून घ्यावी, नुसते व्होल्ट बघून नव्हे. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं झालेली बॅटरी संशयितच. नागपूरचा मे तिला आतून खातो आणि डिसेंबरची पहाट ते उघडं पाडते.

बॅटरी चांगली असून सोमवारी सकाळीच गाडी अडत असेल तर रविवारभर कोण करंट पितंय ते शोधा. बंद गाडी घड्याळ, अलार्म यांसाठी पन्नास मिलिअँपिअरच्या आत घेते, दिवसाला जेमतेम १.२ अँपिअर-तास. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस तीनशे मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास, म्हणजे पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. डिक्कीतला दिवा झाकण लावल्यावर खरंच विझतो का, हे फोनचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवला की दिसतं.

पावसाळ्यात उंदीर हे स्वतंत्र प्रकरण आहे. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं टांगण्याचा आपल्याकडचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. मी तंबाखूशेजारीच कुरतडलेली वायर पाहिली आहे. अर्धवट कुरतडलेली वायर कोरडी असताना चालते, ओली झाली की रुसते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथे पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा, विशेषतः गाडी गरम असतानाच अडत असेल तर. इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे हे तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो. तो गप्प झाला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद. काही सेन्सरमधली केसासारखी बारीक तार तापली की आतल्या आत सुटते आणि अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा टेकते. लक्षणं थेट माझ्या घाटासारखीच, फरक इतकाच की इथे सेल्फ जोरात फिरत असतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलतच नसेल तर संशय पक्का होतो, मात्र सगळ्याच गाड्यांचा काटा हे दाखवत नाही.

दुसरा संशयित पेट्रोल पंप. किल्ली 'ऑन' केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद हलकी घरघर येते. आज ती आली नाही आणि गाडीही पकडली नाही, तर पंप किंवा त्याचा रिले. सीएनजीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवायची आपली सवय पंपाच्या मुळावर येते, कारण पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

चालू होऊन लगेच बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर गाडीला आपलीच किल्ली ओळखू येत नाहीये. घरातली दुसरी किल्ली वापरून बघा. दोन गाड्यांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतील तर त्या आधी वेगळ्या करा, चिपा एकमेकींच्या बोलण्यात तोंड घालतात.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला की सगळं कळतं, ही समजूत मात्र सोडा. सेन्सरच्या तक्रारी स्कॅनर सांगतो. टर्मिनलवरचा गंज, सुटत चाललेलं अर्थिंग, झिजलेले कार्बन यांची नोंद बहुतेक गाड्यांत कुठेच होत नसते.

वही आणि दोन वायरी

मी शेवटी गाडीत एक छोटी वही ठेवली. गाडी अडली की तारीख, किती वेळ चालून किती वेळ उभी होती, गरम की थंड, पाऊस, आवाज कुठला, दिवे मंदावले का, आणि परत कशाने चालू झाली, एवढं लिहायचं. जमलं तर फोनवर आवाजही घ्यायचा. सात नोंदींत चित्र दिसू लागलं. सातही वेळा गाडी गरम, सातही वेळा एकच 'टक्', दिवे एकदाही मंदावले नाहीत.

त्याच वहीने बॅटरी बदलल्यावर झालेली माझी फसवणूकही दाखवली. नवी बॅटरी टाकल्यावर पंधरा दिवस गाडी उत्तम चालली आणि मी सुटलो असं समजलो. पण जो बिघाड आठ वेळांतून एकदाच होतो, तो काहीही न करता पाच-सहा दिवस सहज गप्प बसतो. शिवाय ताज्या बॅटरीचे चार-दोन दशांश व्होल्ट जास्तीचे असतात, काठावरचा सांधा तेवढ्याने सावरतो आणि मूळ दोष झाकला जातो. आठात एकदा अडणारी गाडी सलग चोवीस वेळा नुसत्या नशिबाने चालू राहण्याची शक्यता शंभरात चार. म्हणजे बिघाड जितक्या वेळांतून एकदा होतो त्याच्या तिप्पट वेळा गाडी निर्विघ्न चालू होईपर्यंत दुरुस्ती झाली असं म्हणू नये. गॅरेजवाल्याचे पैसे आधी द्यावे लागतात हे खरं, पण आनंद तरी उशिरा करावा.

वही घेऊन एका वयस्कर वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, "गरम करून आणा. तीस-चाळीस किलोमीटर फिरवा, माझ्या दारात बंद करा आणि चहा घ्या." तिसऱ्या दिवशी दारात 'टक्' झाली तेव्हा ते खुश झाले. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, टर्मिनलच्या पट्ट्यावर नाही तर थेट शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून मला किल्ली फिरवायला सांगितली. हा आकडा पाव व्होल्टच्या आत हवा. आमचा पाचाच्या वर गेला. त्यांनी जंपर केबल घेतली, एक चिमटा मायनसला, दुसरा इंजिनच्या बोल्टला लावला. "मारा आता." सेल्फ असा फिरला की मी दचकलो. चिमटा काढला, 'टक्'. लावला, चालू.

घरी हे करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा: गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. काही जण पान्याने सेल्फ शॉर्ट करून दाखवतात, ते तर करूच नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर समोर उभ्या माणसावरच झेप घेते.

गाडीखाली सरकून काकांनी गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी काढली. वरून धड दिसत होती. बोल्ट निघाल्यावर तिच्या पाठीला हिरवट पूड होती आणि विणलेल्या तारांतल्या निम्म्याअधिक आत तुटलेल्या होत्या. हेडलाइटचं अर्थिंग गाडीच्या सांगाड्याला असतं, सेल्फचं इंजिनला. म्हणून दिवे कधीच मंदावले नाहीत. काकांनी जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, नवी पट्टी बसवली, वरून व्हॅसलीन चोपडलं आणि साडेतीनशे रुपये घेतले.

बदललेला जुना सेल्फ त्यांनी बॅटरीला लावून बघितला, तो गरगर फिरला. तो आता गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहे. वहीत नव्या पट्टीनंतरच्या रेघा मारत गेलो. चोविसावी रेघ सुरूरच्याच टपरीवर मारली, चहा झाल्यावर.